बांधातली सून

गाझियाबादच्या वसुंधरात, आमच्या सोसायटीत, मराठी नावाच्या पाट्या दोनच आहेत. एक आमच्या दारावर आणि दुसरी सातव्या मजल्यावर, भाऊराव टेंभुर्ण्यांच्या. मी एका मंत्रालयात अनुवादक होते, ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. दोघंही निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे आलेलो. ओळख झाली लिफ्टमध्ये. लिफ्ट मध्येच अडकली होती. चौकीदाराला फोनवर अत्यंत सभ्य हिंदीत समजावता समजावता भाऊरावांच्या तोंडून एकदम "काहून बे" निघालं. मी विचारलं, "नागपूर का?" ते म्हणाले, "त्याच्याही पुढं. गोंदिया."

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. लिफ्ट सुटेपर्यंत ती दाराच्या फटीकडे बघत उभी राहिली. तिच्या नखांत निळा रंग होता. ही श्रावस्ती. तेव्हा पस्तिशीच्या पुढची, अविवाहित, आई काही वर्षांपूर्वी गेलेली. घरात ती आणि वडील. ती चित्रकार आहे हे मला पुढच्या आठवड्यात कळलं आणि बऱ्यापैकी नाव असलेली चित्रकार आहे हे आणखी काही महिन्यांनी, एका इंग्रजी पेपरातला फोटो बघून. तिच्याबद्दल जे सांगते आहे, त्यातलं काही तिनं मला सांगितलेलं आहे आणि काही माझ्यासमोर घडलेलं.

भाऊराव दिल्लीला बदलून आले तेव्हा श्रावस्ती सहा-सात वर्षांची होती. आर. के. पुरमचं क्वार्टर, पहाडगंजातली मराठी शाळा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मे महिना लागला की आई तिला घेऊन गावी जायची. भाऊराव यायचे नाहीत. रजा मिळत नाही म्हणायचे. गाव अर्जुनीच्या बाजूला, एका जुन्या मोठ्या तलावाच्या काठी. त्या भागात गावागणिक असे तलाव आहेत. पलीकडे धानाची शेतं, मग जंगल. गावात भाऊरावांची थोरली बहीण राहायची, लीलाबाई. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नसलेली, अंगणवाडीत मदतनीस. सुट्टीभर श्रावस्ती तिच्या मागं मागं असायची. आत्या तिला शेतात उभी असलेली सारसाची जोडी दाखवायची आणि संध्याकाळी अंगणात बाज टाकून गोष्ट सांगायची.

गोष्ट एकच, पण पोरीला ती रोज हवी असे. तलावात एक बाई राहते. गावात कुणाकडे लग्न निघालं की घरच्या बाईनं तिन्हीसांजेला बांधावर जायचं, हळदकुंकू ठेवायचं आणि म्हणायचं, बाई, आमच्याकडे कार्य आहे, भांडी दे. सकाळी काठावर पितळेची भांडी मांडलेली असायची. परात, गुंड, गंगाळ, सगळं उन्हात लखलखत. कार्य झालं की घासूनपुसून परत ठेवायची. पुढं कुणाला तरी हाव सुटली, त्यानं एक परात घरात ठेवून घेतली आणि तेव्हापासून भांडी यायची बंद झाली.

दिल्लीला परतल्यावर मुलगी ही गोष्ट वडिलांना सांगायला गेली की भाऊराव वर्तमानपत्र खाली न करता म्हणत, "आपण हे सगळं सोडलंय, बेटा. अभ्यास कर."

चित्रकलेच्या कॉलेजात श्रावस्तीनं तलाव काढला नाही. तिनं मेट्रोचे खांब काढले, यमुनेवरचा फेस काढला, बसस्टॉपवर झोपलेली माणसं काढली. पुढची बारा-पंधरा वर्षं शाळांतून शिकवून, पुस्तकांसाठी चित्रं काढून ती हे करत राहिली. कुणी फारसं बघितलं नाही. मग आई गेली. त्या उन्हाळ्यात तिनं स्वतःसाठी एक चित्र काढलं. निळं-हिरवं पाणी, कमरेपर्यंत पाण्याबाहेर आलेली एक बाई, पुढं केलेल्या हातांत पितळी गुंड, दोन्ही बाजूंना सारस. बाईच्या चेहऱ्यावर हसू होतं. मैत्रिणींच्या एका सामायिक प्रदर्शनात जागा रिकामी होती म्हणून तिनं ते तिथं लावलं.

तिथं ते रुचिता सबनीसनं पाहिलं. रुचिताचे आजोबा केंद्राच्या नोकरीत पुण्याहून दिल्लीला आले होते. तिसऱ्या पिढीपर्यंत मराठी घरापुरती उरली होती आणि घरातही शब्द गळत चालले होते. दक्षिण दिल्लीत तिची स्वतःची गॅलरी होती. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि श्रावस्तीचा हात धरून म्हणाली, "अगं, ही बाई कोण आहे? मला तर बिल्कुल आजीजवळ बसल्यासारखं वाटलं. यार, आपण दोघी मराठी. आपण मिळून काहीतरी करू या ना."

तिचा तो आनंद खोटा नव्हता, हे श्रावस्ती आजही सांगते.

करार सहा वर्षांचा झाला. या काळात श्रावस्ती जे काढेल ते गॅलरीचं, विकायचं तेही गॅलरीनं आणि दाखवायचं तेही गॅलरीनंच. बदल्यात दरमहा ठरलेले पैसे. कागद भाऊरावांनी चष्मा लावून वाचला, जन्मभर दुसऱ्यांचे कागद वाचलेल्या माणसासारखा. म्हणाले, "भाषा स्वच्छ आहे. करायची असेल तर कर सही." त्याच हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं होतं. जिन्याच्या दहा-बारा पायऱ्यांवर ते थांबायचे. शाळेच्या नोकरीला बाहेर जाणं तिला कठीण झालं होतं. घरी बसून चित्रं काढायची आणि वडिलांना बघायचं, यापेक्षा बरं काय मिळणार होतं? तिनं सही केली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. तलावाची बाई विकली गेली, मग दुसरी, मग तिसरी. गॅलरीच्या पुस्तिकेत तिच्याविषयी छापलं होतं की ती जंगलाच्या कुशीत वाढली आणि तिच्या हातात आदिम स्मृती आहे. "मी आर. के. पुरमच्या सेक्टर चारमध्ये वाढले," ती मला हसत म्हणाली होती. तिनं रुचिताला तसं सांगितलंही. रुचिता म्हणाली, "हां, पण आत्मा तर तिथलाच आहे ना?"

मग मागण्या येऊ लागल्या. हीच बाई, पण थोडी मोठी. हीच, पण हॉटेलच्या रिसेप्शनमागं लावायची म्हणून आडवी. सारस दोनऐवजी चार. पाणी थोडं उजळ, कारण सोफे करडे आहेत. श्रावस्ती मध्येच काहीतरी वेगळं घेऊन जायची. हिंडन नदीचा काळा नाला, ई-रिक्षात दाटीवाटीनं बसलेल्या कामवाल्या बायका, आमच्याच सोसायटीच्या बाल्कन्यांवरच्या कबुतरांच्या जाळ्या. रुचिता ती चित्रं नीट बघायची. म्हणायची, "सुंदर आहे. पण हे कुणीही काढेल, श्रावस्ती. तू ते काढ जे फक्त तूच काढू शकतेस."

हे वाक्य ऐकायला कौतुकाचं आहे. त्याचाच फास कसा होतो, हे मी त्या घरात बघितलं.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडते तेव्हा भाऊरावांना श्वास पुरत नसे. मग खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, दारांखाली पायपुसणी, हवा शुद्ध करायचं यंत्र दिवसरात्र घरघरतंय. तेलरंगांचा वास त्यांना सोसत नाही म्हणून तिनं तेलरंग सोडले, पाण्यातले रंग घेतले. आतल्या छोट्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात ती तो उघडा, वाऱ्याचा, आभाळाएवढा तलाव काढत बसायची. वडिलांना एकटं सोडून गावी जाणं शक्य नव्हतं. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. एकदा मी चहा घेऊन वर गेले तर ती मोबाइलवर स्वतःचंच जुनं चित्र मोठं करून बघत होती आणि त्यावरून पाण्याचा रंग मिसळत होती.

"काकू, एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "मला आता तलाव आठवत नाही. मला माझी चित्रं आठवतात."

गंमत सांगितल्यासारखा तिचा आवाज नव्हता.

भाऊराव तिच्या चित्रांविषयी कधी बोलत नसत. बाहेरच्या खोलीत तिचं एकही चित्र नव्हतं. मला वाटायचं, विज्ञानवादी माणूस आहे, मुलीनं देवदेवस्कीची चित्रं काढावीत हे पटत नसेल. तिलाही तसंच वाटायचं. म्हणजे बाहेर रुचिताला ती बाई हवी होती, घरात वडिलांना नको होती, आणि हिला स्वतःला त्या बाईचा कंटाळा आला होता. पण हात दुसरीकडे वळेनासा झाला होता.

करारातलं चौथं वर्ष चालू असताना लीलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भाऊरावांनी हट्टानं बहिणीला दिल्लीला आणवलं. हिंदूराव रुग्णालयात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. भाऊरावांना त्या धुरात बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून श्रावस्ती आणि मी लीलाबाईंना घेऊन गेलो. टॅक्सी रिजच्या चढाला लागली तेव्हा लीलाबाईंनी विचारलं, "हा हिंदूराव कोन होता?"

"ग्वाल्हेरहून आलेला एक सरदार होता, आत्या. जुन्या काळचा. इथंच राहिला."

"मंग घरी नाही गेला?"

"नाही."

"अटकला असन बिचारा," लीलाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या, जरी त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. काही दिवसांनी काळा चष्मा लावून त्या घरात हिंडायला लागल्या. सगळ्या वस्तू हात न लावता ओळखायचा त्यांना नाद लागला. मी शिरा घेऊन गेले त्या दुपारी त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. गुरुग्रामच्या एका हॉटेलसाठीचं मोठं चित्र जवळपास पुरं होत आलं होतं. भाऊराव खुर्चीवर बसून वाफ घेत होते. श्रावस्ती ब्रश धुऊन पुसत होती.

लीलाबाईंनी आधी सारस पाहिले. "हो, हे असेच उभे राह्यतात." मग पाणी पाहिलं. मग बाईजवळ जाऊन चष्मा काढला.

"बाई तं छान काढली तू," त्या म्हणाल्या. "पन ही हासते कायले?"

"म्हणजे?" श्रावस्तीनं विचारलं. "ती भांडी देते ना. तूच सांगायचीस."

"देते. पन हासन कायले?"

भाऊरावांनी तोंडावरचा टॉवेल काढून बहिणीला म्हटलं, "बाई, राहू दे."

"काहून राहू देऊ? पोरगी चाळिशीले आली, भाऊ. दुनियेले दाखवते तिले. मंग तिले माहीत नको का, ही कोन आहे ते?"

आणि खाली बसून, गुडघे धरून, लीलाबाईंनी गोष्टीचा आधीचा भाग सांगितला, जो लहानपणी कधी सांगितला नव्हता.

तलाव बांधायला काढला तेव्हा बांध टिकत नव्हता. माती घालावी आणि पावसात वाहून जावी. गावच्या जमीनदाराला, मालगुजाराला, स्वप्न पडलं की बांध माणूस मागतो. माणूस कुणाचा द्यायचा, हे विचारायलाच नको होतं. गावाबाहेरच्या मोहल्ल्यातून, म्हणजे टेंभुर्ण्यांच्या मोहल्ल्यातून, एक नवी सून आणली. नवरा बांधावर माती टाकायला होता. तिला सांगितलं, नवऱ्याची शिदोरी घेऊन ये. ती आली. तिला मधल्या खळग्यात उतरून दे म्हणाले आणि वरून टोपल्या रिकाम्या केल्या. डफडी वाजत होती, म्हणून आवाज कुणाला आला नाही. नवऱ्यानं स्वतः किती टोपल्या टाकल्या, हे त्यालाही कळलं नाही.

"बांध टिकला," लीलाबाई म्हणाल्या. "मंग ती भांडी देत गेली. ज्या बाईले जलमात पितळेच्या भांड्याले हात लावू दिला नाही, ती साऱ्या गावाले पितळ देत गेली. आपल्या लोकाईले मातीचंच भांडं चालायचं तवा. आन् आपल्या मोहल्ल्यातल्या लग्नाले कधीच नाही निंघाली भांडी."

"का?" हे मी विचारलं.

"मागाले बांधावर चढा लागते, बाई. बांध पुरा झाल्यावर आपल्याले त्याच्यावर चढाची बंदी होती."

यंत्र घरघरत होतं. भाऊराव उठले, दार सरकवून बाल्कनीत गेले आणि त्या पिवळ्या हवेत जाळीला धरून उभे राहिले. खोकला यायला लागला तरी आत येईनात. शेवटी श्रावस्तीनं हात धरून त्यांना आत आणलं.

संध्याकाळी लीलाबाई आडव्या झाल्या होत्या तेव्हा ते मुलीला म्हणाले, "ही गोष्ट मी तुला सांगितली नाही, ती अंधश्रद्धा म्हणून नव्हे. खरी की खोटी, मला माहीत नाही. पण लहानपणी मी त्या बांधाखालून चालायचो तेव्हा वर बघायचो नाही. मला वाटलं, आपल्या घरातल्या एका पिढीला तरी हे ठाऊक नसावं. तेवढ्यासाठी तुला इथं आणलं."

श्रावस्तीनं मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "आणि मी तिला चाळीसएक वेळा हसवलं, काकू."

हॉटेलचं चित्र तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि नवा मोठा कॅनव्हास ताणला. लीलाबाई गावी परतल्या, डिसेंबर सरला, धुक्यानं समोरचा टॉवर दिसेनासा झाला. ती खोलीतून जेवणापुरती बाहेर यायची. चित्र मी पुरं झाल्यावर पाहिलं. पाणी कुठेच नव्हतं. अख्खा कॅनव्हास म्हणजे बांधाचा उभा छेद, तांबडी-काळी माती, थरावर थर. वरच्या कडेला नुसते हात आणि टोपल्या, चेहरे नाहीत. आणि मातीच्या मध्यात ती सून, उभी, डोक्यावर शिदोरी, एका हातात मातीचं लहान मडकं. तोंड मिटलेलं. डोळे उघडे, पण आपल्याकडे न बघणारे. वीस-एकवीस वर्षांची मुलगी दिसत होती. मला तिथं फार वेळ थांबता आलं नाही.

रुचिता हॉटेलचं चित्र का अडलं हे बघायला आली आणि हे बघून जमिनीवरच बसली. तिचे डोळे भरून आले. श्रावस्तीनं तिला गोष्ट सांगितली. जाताना रुचितानं तिला मिठी मारली, चित्राचे फोटो काढले आणि म्हणाली, "मला थोडा वेळ दे." श्रावस्तीला पहिल्यांदा वाटलं की चार भिंतींत कुठेतरी दार उघडलं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. गुरुग्राममध्ये एका कंपनीची नवी इमारत होत होती, तिच्या मधल्या चौकात हे चित्र लागणार होतं. शिवाय अशीच आणखी पाच-सहा हवी होती, मालिका म्हणून. फक्त सुनेच्या डोक्यामागं थोडा उजेड असावा, म्हणजे लांबून दिसेल. उद्घाटनाला श्रावस्तीनं गोष्ट स्वतः सांगायची, जमलं तर आत्यांनाही विमानानं आणायचं.

"हे विकायचं नाही, रुचिता," श्रावस्ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे माझ्याकडे राहील. तुला तलावाची हवी तेवढी देते. दहा देते."

"अगं, हे बघितल्यावर तलाव आता कोण बघेल?" रुचिताच्या आवाजात राग नव्हता, समजावणं होतं. "आणि सहा वर्षांतलं प्रत्येक चित्र... तुला माहीत आहे ना. मी तुझ्या विरुद्ध नाहीये, यार. ही गोष्ट लोकांपर्यंत जायला नको का? लपवून तू कुणाचं भलं करतेयस?"

श्रावस्ती मला म्हणाली की रुचिताचं म्हणणं चूकही नव्हतं. पण त्या चौकात ती मुलगी उभी आहे, खालून लोक कॉफीचे कप घेऊन जाताहेत आणि सहा भिंतींवर ती सहा वेळा पुरली आहे, हे तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. तिनं एका वकिलाला विचारलं. त्यानं कागद वाचून भाऊरावांचंच वाक्य म्हटलं, भाषा स्वच्छ आहे. चित्र न्यायला गॅलरीची गाडी येण्याचा दिवस ठरला.

त्याच्या आदल्या सकाळी मी भाऊरावांची औषधं द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. श्रावस्ती चित्रासमोर स्टुलावर उभी होती, हातात भिंत रंगवायचा असतो तसा रुंद ब्रश. खाली बादलीत तांबडा-काळा रंग. सुनेचे पाय, कंबर, हातातलं मडकं, सगळं मातीखाली गेलं होतं. वरच्या टोपल्या, हातही गेले होते. छातीपासून वर तेवढी ती उरली होती.

"काकू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोरं तर देता येणार नाही. चित्र द्यावंच लागेल."

मी दारातच उभी राहिले. तिनं ब्रश वर नेला आणि तो चेहऱ्यापाशी थांबला. तिनं हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. असं बराच वेळ चाललं. मग भाऊराव खुर्चीतून उठले. भिंतीला धरत धरत आले.

"दे इकडं," ते म्हणाले.

"बाबा, नको."

"तू काढलीस ना तिला? मग हे तू नाही करायचं. मी करतो."

ती स्टुलावरून उतरली. त्यांना स्टुलावर चढवत नव्हतं, म्हणून तिनं कॅनव्हास खाली घेऊन तिरका भिंतीला टेकवला. भाऊरावांनी आधी तिचे डोळे झाकले, मग तोंड, मग शिदोरी. सावकाश, कडा सोडून न देता, एखादं काम नीट करायचं म्हणून करतात तसं. झाल्यावर ब्रश बादलीत ठेवला आणि धाप लागली म्हणून तिथंच, रंगाच्या थेंबांवर बसले. श्रावस्तीनं त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी औषधं टेबलावर ठेवून खाली आले.

दुसऱ्या दिवशी गाडीत एक चित्र गेलं. संध्याकाळच्या उजेडातला एक मातीचा बांध. माणूस नाही, पक्षी नाही. खाली उजव्या कोपऱ्यात सही.

रुचिताचा फोन आला. ती म्हणाली, "काय केलंस तू हे?"

"ती आतच आहे," श्रावस्ती म्हणाली.

कंपनीनं ते घेतलं नाही. श्रावस्तीनं त्यानंतर गॅलरीला आणखी तीन बांध दिले, तसेच रिकामे. ते गोदामात पडून आहेत. दरमहाचे पैसे बंद झाले, पण करार सुटला नाही. रुचितानं तो फाडावा अशी श्रावस्तीनं एकदा विनंती केली. रुचिता म्हणाली, "सोडलं तर तू हीच गोष्ट दुसऱ्या कुणासाठी काढशील. मला ते सहन होणार नाही." बहुधा खरंच सहन होणार नव्हतं. दोघींचं बोलणं आता होत नाही.

श्रावस्तीनं पहाडगंजच्या आपल्या जुन्या शाळेत चित्रकलेच्या बाईंच्या रजेच्या जागेवर नोकरी धरली. सकाळी वैशालीहून मेट्रो, दुपारी परत. तेवढा वेळ मी भाऊरावांजवळ बसते. घरी ती काहीच काढत नसे. जे काढेल ते गॅलरीचं, म्हणून कागदावर रेघसुद्धा नाही. आतल्या खोलीत इस्त्रीचे कपडे साठले. ती जेवताना घास हातात धरून बसू लागली. मला तिची भीती वाटायला लागली होती.

मग एका रविवारी भाऊराव, का कोण जाणे, विहिरीविषयी बोलायला लागले. मोहल्ल्याची स्वतःची विहीर, त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी खणलेली. श्रावस्तीनं विचारलं, कुठं होती? ते म्हणाले, घरापासून डावीकडं. घर कुठं? तिच्या हातात मुलांच्या वह्या तपासायची पेन्सिल होती. समजून घ्यायला म्हणून तिनं समोरच्या भिंतीवर एक चौकोन काढला. "हे घर?" "हो. आता इकडं वाट."

त्या दिवशी वाट निघाली, विहीर निघाली, आंबा निघाला. नंतर पेन्सिलवर रंग चढला. आता आतल्या खोलीच्या दोन भिंती पूर्ण भरल्या आहेत आणि तिसरीचं काम चालू आहे. मोहल्ला आहे, माणसं आहेत, शाळेच्या बाहेर बसून ऐकणारी मुलं आहेत. भिंत काढून गाडीत घालता येत नाही, एवढाच तिचा हिशेब. अर्थात घर भाड्याचं आहे. घरमालक मेरठला असतो. कधीतरी येईल, बघेल आणि पांढरा रंग मारायला सांगेल. करार संपायला अजून वर्ष आहे. भाऊरावांची तब्येत प्रवासाची नाही आणि डॉक्टर म्हणतात, आता होणारही नाही.

परवा मी गेले तेव्हा फोन स्पीकरवर होता, पलीकडे लीलाबाई.

"भाऊ, तुले काही आठवत नाही. आंब्याच्या अलीकडं होती विहीर."

"पलीकडं होती, बाई. मी पाणी आणायचो."

"पानी मी आनत होती. तू नुसता खेळत होता."

श्रावस्ती ब्रश धरून दोघांचं ठरायची वाट बघत उभी होती. ठरत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मी दोन विहिरी काढते."

"दोन कशाला?" भाऊराव म्हणाले. "एकच खणायला दोन उन्हाळे लागले होते."

लीलाबाई पलीकडून काहीतरी म्हणाल्या, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी गॅस बारीक करायला उठले.